वीतभर श्वास

आमचे धाकटे भाऊजी माझ्या दाराशी येतात आणि बेल वाजवत नाहीत. जिना चढून आलेले असतात, वय झालंय, धाप लागते, आणि धापा टाकत कुणाच्या समोर उभं राहणं त्यांना जमत नाही. मग ते बाहेर चपलांच्या मांडणीला टेकून श्वास खाली बसायची वाट बघतात. दार पातळ आहे, मला आतून सगळं ऐकू येतं. एकदा मी मधेच दार उघडून "अहो, या की आत," म्हटलं, तर चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. तेव्हापासून मी त्या फंदात पडत नाही. आत चहाचं आधण ठेवते. धाप ओसरते, बेल वाजते, आणि ते आत्ताच आले असं आम्ही दोघंही धरून चालतो.

माझ्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. घरात सगळे त्यांना 'कात्री' म्हणतात. खरं तर ते कात्री वापरत नसत, ब्लेड वापरत. पण टोपणनावं ठेवणाऱ्यांना एवढी चौकशी करायला वेळ कुठला?

त्यांचं काम होतं रेकॉर्डिंग स्टुडिओत. हल्लीच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा गाणं तपकिरी फितीवर उतरायचं. त्यांच्या स्टुडिओत वाद्यांची फीत वेगळी, गळ्याची वेगळी. आधी वाद्यं वाजवून घ्यायची, मग काचेच्या खोलीत गाणारीला हेडफोन लावून उभं करायचं. गळ्याची फीत तयार झाली की ती भाऊजींच्या टेबलावर यायची. ते चक्र हातानं पुढे-मागे फिरवायचे, नको असलेला आवाज कानानं हुडकायचे, पेन्सिलीनं खूण करून ब्लेडनं तिरका काप द्यायचे. जेवढा तुकडा काढला तेवढ्याच लांबीची कोरी फीत तिथे चिकटवायची, नाहीतर गळा तालाच्या पुढे पळणार. खुर्चीची कुरकुर, कागदाची सळसळ, आवंढा, सगळं असं जायचं. आणि श्वास. श्वासावर त्यांचा फार राग. "गाणं आभाळातून आल्यासारखं वाटलं पाहिजे वहिनी, फुफ्फुसातून नाही," असं म्हणायचे.

घरीसुद्धा तेच. कुणी बोलताना "अं… म्हणजे…" करायला लागलं की यांची दोन बोटं टेबलावर चिमटा काढल्यासारखी हलायची. माझा नवरा म्हणायचा, "थांब रे, तुझं कापून झालं की सांग, मग मी पुढचं बोलतो."

अशा माणसाला बायको मिळाली ती श्वासाचा आवाज होणारी.

माझी ही जाऊ, आम्ही तिला धाकटीच म्हणायचो, त्याच स्टुडिओत गायची. आवाज असा की ऐकताना हातातलं काम थांबावं. पण लहानपणी छातीचं काही दुखणं झालं होतं, त्यामुळे प्रत्येक ओळीआधी तोंडानं मोठा श्वास घ्यायची, आणि तो घेताना घशात बारीक 'हं' वाजायचं. लपत नसे. तिला त्याचं काही वाटतही नसे. भाऊजींना मात्र फार वाटायचं. स्टुडिओत ते तिला 'बाई' म्हणायचे, बाकीच्या गायिकांना म्हणत तसंच, म्हणजे कुणी म्हणायला नको की बायकोला झुकतं माप देतो. उलट इतरांना एखादा श्वास माफ, तर हिला एकही नाही. तिच्या प्रत्येक गाण्यातला प्रत्येक श्वास त्यांनी कापला. तयार गाणं घरी वाजलं की ती हसून म्हणायची, "ताई, ही मी आहे की नळाला पाणी आलंय? सुरू झाली ती थांबतच नाही."

कापलेले तुकडे ते खिशातून घरी आणायचे. एक श्वास म्हणजे साधारण वीतभर फीत. चिवट असायची. मी त्या फितीनं गॅलरीतला वेल बांधला होता. त्यांची मुलगी तेव्हा शाळेतही जात नव्हती, ती ते तुकडे गाठी मारून जोडायची आणि माळ करून गळ्यात घालायची. आज तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, तरी घरात ती 'बेबी'च आहे.

धाकटीचं एक गाणं अर्धं राहिलं. वाद्यं शेवटपर्यंत वाजून तयार होती, दोन कडवी गाऊन झाली होती, तिसरं राहिलं. खोकल्याची उबळ आली म्हणून थांबली, असं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ज्या कार्यक्रमासाठी ते होतं तिथे दुसरंच गाणं गेलं. पण धाकटी त्यानंतर कधीच गायली नाही. स्टुडिओत नाही, भांडी घासताना नाही, पोरीला झोपवतानाही नाही. विचारलं की म्हणायची, "घसा गेला ताई." आम्ही मान डोलवायचो. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या गाण्याच्या दोन्ही फिती भाऊजींच्या कपाटात पत्र्याच्या डब्यात पडून होत्या.

बेबी आवाजाचंच काम करते, पण कॉम्प्युटरवर. एक दिवस बापलेक माझ्याकडे आले होते, चहा पिता पिता तिनं विषय काढला.

"बाबा, आईचं ते गाणं पुरं करता येईल."

"कोण गाणार?"

"आईच. तिची सगळी गाणी कॉम्प्युटरला ऐकवायची. तो तिचा गळा शिकतो. मग तिसऱ्या कडव्याचे शब्द आणि चाल द्यायची, तो तिच्या आवाजात गातो."

"नक्कल म्हण की."

"नक्कल म्हणा. तुम्ही कापून जोडायचात, तेव्हा कोण पूर्ण खरं होतं?"

मी हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांची बोटं टेबलावर चिमटे काढत होती.

"मला एकदा ऐकायचंय तिला शेवटपर्यंत," बेबी म्हणाली. "मला तिचं गाणं आठवतच नाही बाबा. मला कळायला लागलं तेव्हा ती गप्प झालेली होती."

भाऊजी फिती रविवारी देतो म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी दाराबाहेर धाप ऐकू आली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. बेल वाजली, ते आत येऊन बसले आणि कपाकडे बघत राहिले.

"वहिनी, एक विचारायचं होतं."

"विचारा. आणि चहा गार करू नका, परत करणार नाही मी."

"त्या फितीच्या शेवटी माझा आवाज आहे."

"बरं मग?"

"खोकला वगैरे काही आला नव्हता तिला."

मग तुकड्या-तुकड्यानं आलं सगळं. त्या दिवशी धाकटीचा श्वास फार वाजत होता. वाद्यवाल्यांचं काम संपलं होतं, ते भाऊजींच्या मागे बाकांवर बसले होते. संगीतकारानं एकदा भाऊजींकडे बघितलं. नुसतं बघितलं. भाऊजींना वाटलं, आता हे म्हणणार, बायको आहे म्हणून चालवून घेतो. त्यांनी म्हणायच्या आत आपणच म्हणावं, म्हणून यांनी काचेच्या खोलीत बोलायचा खटका दाबला आणि म्हणाले, "बाई, तो हापसा जरा बंद ठेवा. गाणं भिजतंय सगळं." मागचे सगळे हसले. खटका दाबलेलाच राहिला होता, त्यामुळे ते हसणंही आत गेलं. आतल्या लाऊडस्पीकरमधून तिच्यासमोरच्या माइकमध्ये, माइकमधून फितीवर.

"आणि ती?"

"हेडफोन काढून गेली."

"आणि खोकला कुणी काढला?"

"तिनंच. सगळ्यांना तिनंच सांगितलं, खोकला आला म्हणून. मी…" त्यांनी कप बशीत ठेवला, तो जरा वाजला. "मी ते तसंच चालू ठेवलं."

मी म्हटलं, "तेव्हा लाज वाटली नाही?"

"वाटली ना. तेव्हा तिची वाटली. माझी नंतर वाटली, घरी आल्यावर." खाली बघतच म्हणाले, "वहिनी, बेबीला द्यायच्या आधी तेवढा शेवट कापू का? गाण्याचा भाग नाहीच तो."

"मला परवानगी कसली मागता? मुलगी तुमची, ब्लेड तुमचं. मला विचाराल तर तिला सांगून टाका आणि मोकळे व्हा."

"हो," म्हणाले. "सांगतो." आणि असं म्हणाले की मला तेव्हाच कळलं, हे काही सांगत नाहीत.

पुढे महिनाभरानं बेबीनं बोलावलं. भाऊजींच्याच घरी, कारण फीत वाजवायचं जुनं मशीन तिथे. आधी तिनं मूळ फीत जशी होती तशी ऐकवली. दोन कडवी झाली, आणि दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ संपली तिथे गळ्याची फीत संपली. स्वच्छ. एक खुट्ट नाही. मी भाऊजींकडे बघितलं. ते टेबलक्लॉथची झालर सरळ करत होते.

"आता पुढे ऐका हं," बेबी म्हणाली.

तिसरं कडवं सुरू झालं. आवाज धाकटीचाच होता, त्यात वाद नाही. तीच जरा उशिरा सुटणारी अक्षरं, वरच्या सुराला तोच किंचित खरखरीत काठ. माझ्या अंगावर काटा आला. पण ओळीमागून ओळ जायला लागली आणि मला कसंतरीच व्हायला लागलं. छाती भरून आली म्हणावं तर तसंही नाही. कडवं संपलं तेव्हा मी चक्क धापा टाकत होते.

"काय गं काकू?"

"काही नाही, वय."

"वय नाही. मलाही होतंय." तिनं ओठ चावला. "ती श्वासच घेत नाहीये. ऐकणारा आपसूक तिच्याबरोबर श्वास रोखून धरतो, आणि तो सोडायला जागाच येत नाही. मी आईची सगळी गाणी घातली. एकाही गाण्यात श्वास नाही. कॉम्प्युटरला कळणार कुठून की ही बाई श्वास घेते?"

तिनं हे सहज म्हटलं. कामाची अडचण सांगावी तसं. भाऊजींचे कान लाल झाले.

"पहिल्या दोन कडव्यांत तरी असतील ना?" मी विचारलं.

"नाहीत. ती पण साफ केलेली आहेत."

"त्याच संध्याकाळी केली," भाऊजी हळूच म्हणाले. "मला वाटलं, उद्या येईल, तिसरं गाईल. तयारी असावी."

बेबीनं मग स्वतःचा श्वास माइकवर घेऊन बघितला आणि तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला लावला. वाजवला. भाऊजी ताबडतोब म्हणाले, "नको. तो तुझा आहे."

"मग आईचा कुठून आणू?" आता तिचा आवाज चढला. "एवढ्या वर्षांत एकही कच्ची फीत ठेवली नाहीत तुम्ही? एक तुकडा? एक? माझ्या गळ्यात माळा असायच्या त्यांच्या!"

सांगण्यासारखं माझ्याकडे होतं, पण ते सांगणं माझं नव्हतं. बेबीनं लॅपटॉप मिटला. "जाऊ दे. राहू दे अर्धंच."

भाऊजी उठले आणि आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, तोंड लपवून बसले. पण आले, हातात चष्म्याची जुनी डबी होती. ती त्यांनी बेबीसमोर ठेवली आणि हात मागे घेतला. आत तपकिरी फितीची लहानशी गुंडाळी होती.

"हे काय?"

"शेवट."

"कशाचा शेवट?"

"तुला फीत द्यायच्या आधी कापला. फेकवला नाही." त्यांनी घसा साफ केला. "यात आहेत तिचे श्वास. वाद्यांशिवाय. चांगले आहेत. कामाला येतील. तू ऐक, मी जरा खाली जाऊन येतो."

"मशीनला लावणार कोण? मला नाही येत," बेबी म्हणाली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं, म्हणून ते इतकं साधं होतं.

मग लावावं लागलं. ब्लेड काढलं, दोन्ही टोकं तिरकी जुळवली, चिकटपट्टी बसवून नखानं घासली. आयुष्यभर तुकडे काढले त्या माणसानं, एक तुकडा परत जागेवर लावताना त्याला घाम फुटला होता. बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ संपली. लगेच तरुण भाऊजींचा आवाज आला, खणखणीत, खुशीतला: "बाई, तो हापसा जरा बंद ठेवा. गाणं भिजतंय सगळं." मागून पुरुषांचं हसणं. एकजण जरा जास्तच वेळ हसत राहिला.

मग शांतता, आणि शांततेत धाकटी. श्वास घेतला, सोडला. परत घेतला. तेच बारीक 'हं'. रडत नव्हती. बोलायला जावं आणि बोलू नये, असं काहीसं. बराच वेळ ती नुसती श्वास घेत उभी होती, माझ्यापासून हाताच्या अंतरावर असावी तशी. मग हेडफोन ठेवल्याचा आवाज. ठेवल्याचा, आपटल्याचा नाही. पावलं. दार. त्यानंतर रिकाम्या खोलीची फीत तशीच फिरत राहिली, ती बंद करायचं कुणाला सुचेना.

बेबी रडली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "मग घरी कशी आली ती?"

"अं?"

"तिथून. घरी. कशी आली? एकटी?"

भाऊजी वळले. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी तिथेच होतो. संध्याकाळपर्यंत. तिचीच फीत…" पुढचं त्यांना म्हणवेना. त्यांच्या दोन बोटांनी हवेतच चिमटा काढला आणि हात खाली पडला. मी माणसं शरमिंधी झालेली पुष्कळ पाहिली आहेत, पण मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी पाहिलं.

"माझ्याकडे आली होती," मी म्हटलं. हे सांगणं माझं होतं. "तू माझ्या टेबलाखाली खेळत होतीस. पाणी प्यायली, म्हणाली खोकला आला. मग तुझ्या गळ्यातली माळ सोडवली, नीट गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि तुला घेऊन घरी गेली."

"तिला माहीत होतं का, ते तुकडे कशाचे ते?"

"माहीत होतं," भाऊजी म्हणाले.

माळेचं पुढे काय झालं, ते आता विचारणार कुणाला?

मला वाटलं होतं, बेबी उठून जाईल. ती उठली नाही. बऱ्याच वेळानं तिनं लॅपटॉप उघडला, फितीवरचे श्वास त्यात घेतले आणि खुर्ची बाजूला सरकवली. "बसा. तुम्हीच लावा."

"मी?"

"ती श्वास कुठे घ्यायची ते दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

ते बसले. पुढचे कितीतरी दिवस रोज बसले. शेजारी बेबी, फारसं न बोलता. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा ऐकलं. "इथे नाही. ती ओळीच्या मधे तोडायची, 'दार'च्या आधी. आणि हा नको, हा रागातला आहे. याच्या आधीचा घे." मान वर न करता सांगत होते. कापलेला एकेक श्वास जिथल्या तिथे पाठ होता त्यांना. पहिल्या दोन कडव्यांतल्या कोऱ्या जागाही भरल्या.

गाणं कसं झालंय म्हणाल, तर खरं सांगते. तिसरं कडवं जरा इस्त्री केल्यासारखं आहे, धाकटीनं ते नक्की वेगळं म्हटलं असतं. पण आता ऐकताना धाप लागत नाही. ती थांबते तिथे आपणही थांबतो.

बेबीनं एक अट घातली. "गाणं संपल्यावर तो शेवट मी ठेवणार आहे. तुमच्या आवाजासकट. काढणार नाही."

"नको काढू," भाऊजी म्हणाले.

घरातले सगळे ऐकायला जमले. दोन दीर, जावा, भाचे, सुना. गाणं संपल्यावर लोक डोळे पुसत होते, तेवढ्यात हापसा आला, हसणं आलं, आणि एकेक मान भाऊजींकडे वळली. माझ्या मोठ्या दिरांनी "हे काय रे?" असं विचारलंसुद्धा. भाऊजी म्हणाले, "मी बोललो ते. खोकला नव्हता आला तिला." एका सुनेनं उगाचच कप गोळा करायला घेतले. भाऊजी सगळ्यांच्या मधे, गुडघ्यांवर हात ठेवून, फीत संपेपर्यंत बसून राहिले. बेबी त्यांच्या शेजारी बसली नव्हती. पण खोलीतून गेलीही नाही.

नंतर पंधरा-वीस दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मीही गेले नाही, माणसाला थोडं एकटं ओशाळू द्यावं.

काल दुपारी जिन्यात पावलं वाजली. मी उठून आधण ठेवायला निघाले, सवयीनं, वेळ असतो म्हणून. पण पाणी भरायच्या आतच बेल वाजली. दार उघडलं तर समोर भाऊजी, एक हात चौकटीला, छाती भात्यासारखी वरखाली, तोंड उघडं, घशातून शीळ येतेय.

"व… वहिनी…" म्हणाले, आणि पुढचं यायला वेळ लागला.

नजर खालीच होती. पण चेहरा वळवला नाही त्यांनी, उभे राहिले तसेच, श्वास घेत.

मी दार पूर्ण उघडलं आणि थांबले.